लॅपटॉप अडखळतोय? रॅम वाढवण्याआधी बॅटरीची वाट तपासा

इंदूर : मध्य प्रदेश बोर्डातून बारावीला ७५ टक्क्यांच्या वर मार्क मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी राज्य सरकार २५ हजार रुपये देतं. जुलै २०२५ मध्ये ही रक्कम ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यात जमा झाली. इंदूरच्या मराठी घरांतली मुलंही त्यात असतात. पण २५ हजारांत नवा आणि चांगला लॅपटॉप मिळणं अवघड. मग पावलं वळतात आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे किंवा ओळखीच्या एखाद्या दुकानाकडे, आणि कंपन्यांमधून तीन-चार वर्षं वापरून बाहेर पडलेला, झाडूनपुसून विकायला ठेवलेला लॅपटॉप घरी येतो. आठ जीबी रॅम, एसएसडी, प्रोसेसरही बरा. कागदावर सगळं उत्तम.

घरी आणल्यावर मात्र गंमत सुरू होते. दर काही सेकंदांनी माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. टाइप करताना एखादं अक्षर गायब होतं, नाहीतर एकच अक्षर चार वेळा उमटतं. ऑनलाइन क्लासमध्ये सरांचा आवाज करकरतो. दुकानदार म्हणतो, रॅम वाढवा. शेजारचा म्हणतो, फॉरमॅट मारा. दोन्ही करून होतं, दोन-अडीच हजार जातात आणि अडखळणं तसंच राहतं.

अशा वेळी एक जागा तपासायची राहून गेलेली असते, ती म्हणजे बॅटरी. बॅटरी टिकते किती हा इथे प्रश्न नाही. 'बॅटरी किती उरली' हे विचारण्याच्या कामातच अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम अडकून पडते, हा खरा दोष. बेळगाव असो, बिदर असो की इंदूर, जुना लॅपटॉप वापरणाऱ्या कुणालाही तो भेटू शकतो. सुदैवाने तो ओळखायला पंधरा मिनिटं पुरतात आणि पैसा लागत नाही.

कोपऱ्यातला टक्का येतो कुठून?

स्क्रीनच्या कोपऱ्यात '६३ टक्के' असं दिसतं तेव्हा तो आकडा विंडोज किंवा लिनक्सने स्वतः मोजलेला नसतो. लॅपटॉपच्या बॅटरीत सेलसोबत एक छोटी चिप असते. किती करंट आत गेला, किती बाहेर आला, तापमान किती, याचा हिशोब ती ठेवते. 'स्मार्ट बॅटरी' नावाची ही पद्धत ड्युरासेल आणि इंटेल या कंपन्यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर पुढे आणली.

ही चिप प्रोसेसरशी थेट बोलत नाही. मध्ये मदरबोर्डवर एक छोटा नियंत्रक बसलेला असतो, त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. कीबोर्ड, पंखा, झाकण उघडं आहे की बंद, चार्जर लागला की निघाला आणि बॅटरी, ही सगळी किरकोळ वाटणारी कामं तोच बघतो. ऑपरेटिंग सिस्टीमने त्याच्याशी कसं बोलायचं याचे नियम 'एसीपीआय' या मानकात आहेत. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते डिसेंबर १९९६ मध्ये आणलं आणि आजही जवळपास प्रत्येक विंडोज लॅपटॉप त्यावरच चालतो.

म्हणजे वाट अशी : ऑपरेटिंग सिस्टीम, तिथून एसीपीआय, तिथून एम्बेडेड कंट्रोलर आणि शेवटी बॅटरीतली चिप. यातला शेवटचा टप्पा फार हळू चालतो. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यातल्या दोन तारांवरचा वेग ठरलेला आहे, १० ते १०० किलोहर्ट्‌झ. एक आकडा आणायला साधारण ४५ ठोके लागतात. वेग १०० किलोहर्ट्‌झ असेल तर अर्धा मिलिसेकंद, १० असेल तर साडेचार. व्होल्टेज, करंट, उरलेली क्षमता, तापमान असे दहा आकडे मागवले तर हळू वाटेवर ४५ मिलिसेकंद सहज जातात.

माणसाला हा वेळ जाणवणार नाही असं वाटतं. पण तेवढ्या वेळात प्रोसेसर कोट्यवधी कामं उरकतो आणि आवाजाचा पुढचा तुकडा स्पीकरला दहा-वीस मिलिसेकंदांच्या आत पोचवावा लागतो. तो वेळेत पोचला नाही की 'कर्र' असा आवाज येतो.

मग सगळेच लॅपटॉप का अडखळत नाहीत?

कारण चांगल्या रचनेत एम्बेडेड कंट्रोलर बॅटरीचे आकडे आधीच मागवून स्वतःजवळ ठेवतो. ऑपरेटिंग सिस्टीमने विचारलं की लगेच देतो. अडचण होते ती पुढच्या चार कारणांनी.

पहिलं कारण, बॅटरी वेळेवर उत्तर देत नाही. जुनी झालेली चिप, सैल झालेला किंवा गंजलेला कनेक्टर, स्वस्तातली नकली बॅटरी. कंट्रोलर विचारतो, उत्तर येत नाही, तो थांबतो, पुन्हा विचारतो. नियमाप्रमाणे तार अडकून राहिली तर २५ ते ३५ मिलिसेकंदांनी सोडून द्यायची असते. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की थिजलेला बाण डोळ्यांना दिसायला लागतो. कीबोर्डही त्याच कंट्रोलरकडे असल्यामुळे अक्षरं गायब होतात. बॅटरीच्या दोषात कीबोर्ड का बिघडतो याचं उत्तर हे आहे.

दुसरं कारण, मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे बोलीभाषेत बायोस, नीट लिहिलेलं नसतं. काही मॉडेलांत बॅटरीची चौकशी करताना ते प्रोसेसरला एका खास अवस्थेत नेतं. त्या अवस्थेत प्रोसेसरचे सगळे कोअर थांबतात आणि ऑपरेटिंग सिस्टीमला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पाच टक्के दिसतो आणि तरी यंत्र अडखळतं.

तिसरं कारण, विचारणारे फार असतात. विंडोजचा स्वतःचा आयकॉन, लॅपटॉप कंपनीचं 'पॉवर मॅनेजर', वर कुणीतरी टाकलेलं बॅटरी दाखवणारं विजेट. तिघेही आपापल्या वेळापत्रकाने विचारत राहतात. एका सेकंदाला एकदा विचारण्यात अर्थ नाही हे साध्या गणितावरून कळतं. चार तास चालणाऱ्या बॅटरीचा एक टक्का उतरायला १४४ सेकंद लागतात. अर्ध्या मिनिटाने विचारलं तरी काही बिघडत नाही.

चौथं कारण, सूचनांचा पूर. नियमाप्रमाणे काही बदललं की कंट्रोलरने प्रोसेसरला एकदा टकटक करायची. चार्जरची पिन सैल असेल किंवा बॅटरी 'आहे-नाही-आहे' करत असेल तर ही टकटक सेकंदाला शेकडो वेळा होते. प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टीम हातातलं काम सोडून दार उघडायला जाते.

अडखळणं वेगळं, मंदावणं वेगळं

दुकानात जाण्याआधी एक फरक समजून घ्यायला हवा. तक्रार दोन तऱ्हेची असते आणि दोन्हींचा इलाज वेगळा असतो.

थांबून थांबून अडखळणं ही पहिली तऱ्हा. यंत्र मधल्या वेळात छान चालतं, पण ठरावीक अंतराने अटकतं. मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून पाच मिनिटं प्रत्येक अटकण्याची वेळ टिपावी. दर १०, १५ किंवा ३० सेकंदांनी असा नेम दिसला तर संशय बॅटरीच्या चौकशीवर पक्का करायला हरकत नाही. डिस्क खराब असेल किंवा व्हायरस असेल तर अटकणं असं घड्याळ लावून होत नाही.

सतत मंद चालणं ही दुसरी तऱ्हा. फाइल उघडायलाही वेळ, ब्राउझर रडत रडत चालतो. इथे टास्क मॅनेजर उघडून (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून) 'परफॉर्मन्स'मध्ये 'सीपीयू'चा 'स्पीड' बघावा. काम चालू असतानाही तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चिकटून बसला असेल तर प्रोसेसरला मुद्दाम लगाम घातलेला आहे. चार्जर ओळखता आला नाही, बॅटरी काढलेली आहे किंवा बॅटरी फार कमजोर झाली आहे असं दिसलं की काही लॅपटॉपांचं फर्मवेअर प्रोसेसरला सावकाश चालायला लावतं. हेतू चांगला असतो. अचानक जास्त करंटची गरज पडली आणि तो मिळाला नाही तर यंत्र एकदम बंद पडेल, ते टाळायचं असतं. पण सांगायची पद्धत नसते, त्यामुळे माणूस रॅम विकत घेऊन येतो.

अशी गोष्ट मोबाइलमध्येही झाली होती. जुनी बॅटरी असलेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करतं, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. तेव्हा बरीच ओरड झाली. कंपनीने वॉरंटीबाहेरच्या बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि मार्च २०१८ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय दिली. बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पळायला लागतो, हे त्यातून लाखो लोकांना कळलं. लॅपटॉपचंही तसंच आहे.

सतत मंद चालणाऱ्या लॅपटॉपसाठी आधी चार्जर बघावा. मूळ कंपनीचा, पाठीमागे लिहिलेल्या वॅटचाच आहे का? ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला ४५ वॅटचा चार्जर जोडून दिलेला असतो, जुन्या मालात हे नेहमी दिसतं. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक तार असते, ती 'मी अमुक वॅटचा' हे यंत्राला सांगते. ती वाकली किंवा तुटली की यंत्र चार्जर ओळखत नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही पडतो. ओळखीच्या कुणाचा चालू चार्जर दहा मिनिटं लावून बघितला तर निकाल तिथेच लागतो.

बॅटरीवर असताना मंद आणि चार्जरवर असताना वेगवान, एवढाच फरक असेल तर तो दोष नव्हे. विंडोज बॅटरी वाचवण्यासाठी तसं करतं. सेटिंगमध्ये 'पॉवर मोड' बदलून बघावा.

विंडोजमध्ये तपास कसा करायचा?

सुरुवातीलाच लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघावा. तो डगमगत असेल, टचपॅड वर उचललं गेलं असेल, तळाचं झाकण फुगलं असेल तर पुढचं काहीही करू नये. बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.

तसं काही नसेल तर महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि पुढच्या क्रमाने जावं.

एक. बॅटरी दाखवणारी जास्तीची सॉफ्टवेअरं काढावीत. विजेट, 'बॅटरी सेव्हर', 'ऑप्टिमायझर' वगैरे. कंपनीचं पॉवर मॅनेजर तात्पुरतं बंद करावं. यंत्र पुन्हा सुरू करून दहा मिनिटं वापरावं. अडखळणं गेलं तर दोष इथेच सापडला.

दोन. 'लेटन्सीमॉन' हे घरगुती वापरासाठी मोफत मिळणारं साधन चालवावं. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो हे ते दाखवतं. पाच-दहा मिनिटं चालू ठेवून 'ड्रायव्हर्स'च्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कुणी घेतला ते पाहावं. धड चालणाऱ्या यंत्रात हा आकडा साधारण एक मिलिसेकंदाच्या आत असतो. यादीत सगळ्यात वर 'एसीपीआय डॉट सिस' असेल आणि आकडा बराच मोठा असेल तर संशय बळावतो. नेटवर्क किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर वर असेल तर बॅटरीचा पिच्छा सोडून त्या ड्रायव्हरकडे वळावं.

तीन. आता खरी कसोटी. चार्जर लावून ठेवावा. विंडोजच्या बटनावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. त्यात 'बॅटरीज' या गटात 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अशी ओळ दिसेल. तिच्यावर उजवी क्लिक करून 'डिसेबल डिव्हाइस' निवडावं. कोपऱ्यातला बॅटरीचा टक्का दिसेनासा होईल, घाबरायचं कारण नाही. चार्जिंगचं काम विंडोजच्या हातात नसतं, ते कंट्रोलर बघतो, त्यामुळे बॅटरी चार्ज होत राहते.

आता पंधरा मिनिटं गाणं लावून, टाइप करत, माउस फिरवत यंत्र वापरावं. अडखळणं पूर्ण थांबलं तर दोष बॅटरीच्या वाटेवरच आहे. काहीच फरक पडला नाही तर बॅटरी निर्दोष. मग डिस्क, उष्णता, पंख्यातली धूळ, ड्रायव्हर यांच्याकडे बघावं.

कसोटी झाल्यावर तीच ओळ पुन्हा 'एनेबल' करायची आठवण ठेवावी. ती बंद असताना बॅटरी संपत आली तरी विंडोज काहीच सांगत नाही. लाइट गेली आणि चार्जर बंद पडला तर बॅटरी संपताच लॅपटॉप एका क्षणात विझतो आणि न साठवलेलं काम जातं. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी तर हा जुगार खेळूच नये. 'डिसेबल केलं की झालं' असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो, पण ती तपासणी आहे, इलाज नव्हे.

चार. बॅटरीची तब्येत बघावी. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'पॉवरसीएफजी' हा शब्द, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' हा शब्द टाइप करून एंटर दाबावं. सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला हे तिथेच लिहून येतं. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. समजा नवी असताना ५०,००० होती आणि आज २७,००० आहे, तर बॅटरी ५४ टक्के उरली. आकडा शून्य असेल, रोज उड्या मारत असेल किंवा नव्यापेक्षा आजची क्षमता जास्त दाखवत असेल, तर चिपवर भरवसा ठेवता येत नाही.

इलाज : आधी फुकटचे, मग खर्चाचे

दोष पक्का झाला की डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्याच ओळीवर 'अनइन्स्टॉल' करून यंत्र पुन्हा सुरू करावं. विंडोज तो ड्रायव्हर स्वतःच परत बसवतं. यात काही हरवत नाही.

त्याने भागलं नाही तर कंट्रोलरला पूर्ण झोपवून उठवावं. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचं बटन ३० सेकंद दाबून धरावं. मग सगळं जोडून सुरू करावं. बॅटरी आत बसवलेली असेल तर काही मॉडेलांत बायोसमध्ये 'बिल्ट-इन बॅटरी डिसेबल' असा पर्याय असतो, काहींत तळाशी पिन घालायचं बारीक भोक असतं. ही साधी युक्ती पुष्कळदा कामी येते, कारण कंट्रोलर महिनोन्‌महिने पूर्ण बंद झालेलाच नसतो.

त्यानंतर बायोस अपडेट. लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, नेमक्या मॉडेलचंच घ्यावं. अपडेटच्या यादीत 'बॅटरी', 'एम्बेडेड कंट्रोलर' असे शब्द असतील तर उत्तमच. हे काम करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. पावसाळ्यात लाइट येते-जाते अशा संध्याकाळी हे काम हातात घेऊ नये. अर्ध्यात बंद पडलं तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

एवढं करूनही अडखळणं राहिलं तर झाकण उघडून कनेक्टर साफ करणं आणि शेवटी बॅटरी बदलणं. हे दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपांवर अनेक जण उबुंटू किंवा मिंट टाकून घेत आहेत. तिथेही हाच दोष येतो, किंबहुना लिनक्सवाल्यांना तो फार जुना ओळखीचा आहे. पॅनेलवरचं बॅटरीचं चिन्ह काढलं की माउस सुधारतो, हा अनुभव पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपांवरही येत असे.

इथे मोजमाप सोपं आहे. बॅटरीची माहिती 'सिस' या फोल्डरात 'क्लास', त्यात 'पॉवर_सप्लाय', त्यात 'बॅट०' किंवा 'बॅट१' अशा ठिकाणी असते. तिथली 'यूइव्हेंट' ही फाइल 'कॅट' या आज्ञेने वाचावी आणि आज्ञेच्या आधी 'टाइम' हा शब्द लावावा. वाचायला किती वेळ लागला ते लगेच कळतं. काही मिलिसेकंद लागले तर ठीक. शेकडो मिलिसेकंद किंवा सेकंदभर लागला तर दोष सापडला. दोन वाचनांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्यावेत, कारण लिनक्सचा बॅटरी ड्रायव्हर एकदा आणलेले आकडे १,००० मिलिसेकंद तसेच वापरतो.

हाच '१,०००' वाढवता येतो. ड्रायव्हरच्या 'कॅश_टाइम' या सेटिंगमध्ये ३०,००० लिहिलं की अर्ध्या मिनिटातून एकदाच बॅटरीला विचारलं जातं. 'यूपॉवर' या सेवेच्या सेटिंग फाइलीत 'नोपोलबॅटरीज' असाही एक पर्याय आहे. तो चालू केला की सेवा आपणहून विचारत बसत नाही. मात्र बॅटरी स्वतः सूचना देत नसेल तर मग टक्का जुनाच दिसत राहतो, हे ध्यानात ठेवावं.

'टॉप' या आज्ञेत 'केवर्कर' नावाची प्रक्रिया सतत वर दिसत असेल आणि तिच्या नावात 'केएसीपीआयडी' असेल, तर तो सूचनांचा पूर. आधी चार्जरची पिन हलवून, दुसरा चार्जर लावून बघावं. 'सिस'मधल्या 'फर्मवेअर', 'एसीपीआय', 'इंटरप्ट्स' या फोल्डरात प्रत्येक सूचनेचा आकडा असतो. जो भराभर वाढत असेल तो दोषी.

दुकानात काय सांगायचं, काय विचारायचं?

'स्लो चलता है भैया' एवढं सांगितलं की उत्तर ठरलेलं, रॅम आणि फॉरमॅट. त्याऐवजी टिपून ठेवलेलं सांगावं : 'हर पंद्रह सेकंड में अटकता है, बैटरी का ड्राइवर बंद किया तो ठीक चलता है.' चांगला कारागीर पुढचं लगेच ओळखतो. बॅटरीचा अहवाल मोबाइलवर फोटो काढून न्यावा.

बॅटरी बदलायची ठरली तर तीन गोष्टी बघाव्यात. मॉडेलचा आणि पार्टचा नंबर जुन्या बॅटरीशी जुळतो का. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी मिळते का. आणि दुकानातच बसवून बॅटरी अहवाल काढून बघता येतो का. जुन्याच खोक्यात नवे सेल भरून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. स्वस्त पडतं, पण आतली चिप जुनीच राहते आणि तिच्याजवळचा हिशोबही जुनाच. म्हणजे ज्या चिपमुळे यंत्र अडखळत होतं, तीच पुन्हा घरी येते. शिवाय सेल कोणत्या दर्जाचे आणि जोडणी कशी झाली, हे बाहेरून कळत नाही.

जुना लॅपटॉप विकत घेतानाही हीच पंधरा मिनिटं काउंटरवर घालवावीत. गाणं लावावं, टाइप करून बघावं, चार्जर काढून आणि लावून बघावा, टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहावा, बॅटरी अहवाल काढावा. घाई करणाऱ्या दुकानदाराकडून न घेतलेलं बरं.

उन्हाळा, फुगलेली बॅटरी आणि कचरागाडी

इंदूरचा मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं, दोन्ही सोसत नाही. दिवसभर चार्जरवर राहणाऱ्या लॅपटॉपला कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये 'चार्ज लिमिट' असेल तर ८० टक्क्यांवर लावावी. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नये, खालची हवा कोंडते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून देणं तर टाळावंच.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. ती घरच्या डब्यात ओल्या-सुक्या कचऱ्यासोबत टाकणं धोक्याचं, कारण कचरागाडीत दाबली गेली तर पेट घेऊ शकते. इंदूरमध्ये कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो आणि त्यात ई-कचऱ्याचा कप्पा स्वतंत्र असतो. गाडीवरच्या माणसाला 'लॅपटॉपची बॅटरी आहे' असं सांगून हातात द्यावी. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ज्या गावात असा कप्पा नाही, तिथे बॅटरी विकणाऱ्या किंवा बदलून देणाऱ्या दुकानातच जुनी परत करावी.

थोडक्यात

नेमाने अडखळत असेल तर बॅटरीची चौकशी तपासा. सतत मंद असेल तर आधी चार्जर आणि प्रोसेसरचा वेग बघा. बॅटरीची ओळ बंद करून पंधरा मिनिटं वापरा, निकाल कळला की ती पुन्हा चालू करा. फरक पडला तर कंट्रोलर रीसेट, बायोस, कनेक्टर आणि मग बॅटरी, या क्रमाने जा. फरक पडला नाही तर बॅटरीवर एक रुपयाही घालू नका. आणि तळ फुगलेला दिसला, तर यातलं काहीही न करता लॅपटॉप बंद करा.